तीन शीर्षकांची बाई

"सही कर आणि मोकळी हो," म्हणत दादाने कागद तिच्या टेबलावर ठेवला, तोही नेमका अर्धवट लिहिलेल्या कार्डावर. शाई अजून ओली होती. ती कागदाला लागली, दोघांनीही पाहिले, पण उचलायला कोणीच हात पुढे केला नाही.

ग्रंथालयाच्या तळघरातल्या या खोलीत तिचा सख्खा भाऊ अठ्ठावीस वर्षांत दुसऱ्यांदा आला होता. पहिल्यांदा आला तो आई गेल्याचे सांगायला. तेव्हाही तो बसला नव्हता.

तिला सगळे सूचीबाई म्हणत. वरच्या मजल्यावरच्या ग्रंथपालांपासून दारावरच्या पहारेकऱ्यापर्यंत कोणाच्याच तोंडी तिचे खरे नाव नव्हते, आणि तिलाही त्याचे काही वाटत नसे. जुनी पत्रे, हुकूम, नकाशे, म्हाताऱ्यांच्या तोंडून उतरवून घेतलेल्या हकिकती, जे जे ग्रंथालयात येई त्याचे ती एकेक कार्ड करी. कार्डाच्या डोक्यावर विषयाचे शीर्षक, खाली कागदाचा तपशील आणि कपाटाचा क्रमांक. शोधणारा माणूस शीर्षकावरून येतो. शीर्षक चुकले की कागद असून नसल्यासारखा. तिला काम शिकवणारे म्हातारे सूचीकार म्हणायचे, कागद जाळणाऱ्याला निदान काडी तरी लागते, आपल्याला नुसता आळस पुरतो.

दादाच्या कागदावर चार ओळी होत्या. सव्वाशे वर्षांपूर्वी डोंगरवाले, मिठागरवाले आणि नदीवाले सरकारशी जे लढले ते सगळे मिळून एकच युद्ध होते. ग्रंथालयात त्याचे कागद 'मूळनिवासींचे महायुद्ध' या एकाच शीर्षकाखाली आहेत. आणि सूचीविभाग तसे प्रमाणित करतो. खाली सहीची जागा.

"पण ते तसे नाहीत," सूचीबाई म्हणाली. "तीन शीर्षकं आहेत."

"म्हणून तर आलोय. एक कर."

दादा मूळचा बोटींची इंजिने दुरुस्त करणारा. हात काळे, जीभ तिखट. पण पंधरा वर्षे त्याने दुसरे काही केले नव्हते; या तीन समाजांची एक संघटना बांधली होती. लोक त्याला आवळ्याची मोट म्हणून हसले. मिठागरवाले डोंगरवाल्यांच्या पंगतीला बसेनात, नदीवाले दोघांशी बोलेनात. दादाने कोणाच्या पाया पडून, कोणाला शिव्या घालून ती मोट बांधली आणि टिकवली. त्याआधी त्याने लग्न केले तेही डोंगरवाल्यांच्या मुलीशी, म्हणजे सुरुवात त्याने घरापासून केली होती.

आणि आता नवा कायदा आला होता. युद्धात गेलेली जमीन मूळच्या लोकांना परत मिळणार होती. दंग्याची शिक्षा म्हणून जप्त झालेली मात्र मिळणार नव्हती. डोंगरवाले दोन वर्षे लढले होते, त्यांचे युद्ध ठरण्यासारखे होते. मिठागरवाल्यांचे प्रकरण आठ महिन्यांत आटोपले. नदीवाल्यांचे, म्हणजे या दोघा भावंडांच्या लोकांचे, अवघ्या एकोणीस दिवसांत. एकोणीस दिवसांना युद्ध कोण म्हणणार? तिन्ही एका माळेत ओवले तर मात्र तेरा वर्षांचे युद्ध होत होते, आणि नदीकाठची सात गावे त्यात आपोआप येत होती.

दादाने हे सगळे तिला उभ्यानेच सांगितले, लहान मुलाला पाढे सांगावेत तसे. तिने ऐकून घेतले. मग विचारले, "त्या एकोणीस दिवसांत आपली गावं कुणी जाळली, ते कुठल्या शीर्षकाखाली टाकू?"

दादाचा चेहरा दगडासारखा झाला. हे दोघांनाही आजीने सांगितले होते. डोंगरवाले हरले, त्यानंतर अकरा वर्षांनी सरकारने त्यांच्यातलेच चौसष्ट जण तुकडीत भरती केले आणि नदीवर धाडले. आजीची आई तेव्हा नऊ वर्षांची होती. पालथ्या घातलेल्या होडीखाली ती दोन दिवस पडून राहिली. माणसे कोणती बोली बोलत होती ते तिने ऐकले होते, आणि मरेपर्यंत ती बोली कानावर पडली की ती उठून जायची.

"हुकूम सरकारचा होता," दादा म्हणाला.

"हुकूम सरकारचा. काडी कुणाची होती?"

"उपाशी माणसाची होती! दोन वर्षं लढून हरलेल्या, पोरंबाळं उपाशी असलेल्या माणसाची. त्याला तू मारेकऱ्याच्या रांगेत उभं करणार?"

"मी कुणालाच उभं करत नाही. पण मारणारा आणि मेलेला एकाच लढ्यातले साथीदार होते असंही मी लिहिणार नाही."

दादाने मागे दाराकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "आणि ते तुकडीचं हजेरीपत्रक. ते कपाटातच राहू दे. चौथं नाव तुझ्या वहिनीच्या पणजोबांचं आहे."

सूचीबाईला ते वीस वर्षांपासून माहीत होते. त्या पत्रकाचे कार्ड तिनेच लिहिले होते. दादालाही माहीत आहे, हे मात्र तिला त्या क्षणी कळले. म्हणजे इतकी वर्षे दोघे एकाच ताटात जेवले, एकमेकांपासून तेच लपवत.

तिने कागद उचलला, डागासकट त्याची घडी घातली आणि त्याच्या हातात दिला. तो म्हणाला, "या तीन कपाटांत मरशील तू. आणि तुझं कार्ड लिहायलाही कोणी उरायचं नाही." जाताना त्याने दार आपटले नाही. उघडेच ठेवून गेला.

त्यानंतरचा आठवडा तिने तिन्ही कपाटे पुन्हा उपसण्यात घालवला. कारण दादाचे बोलणे तिला लागले होते, आणि ते सगळेच चुकीचे आहे असे तिला स्वतःशीही म्हणता येत नव्हते. डोंगरवाल्यांचे भांडण जंगलाच्या हद्दीवरून होते. मिठागरवाल्यांचे खाजणाच्या बांधावरून. नदीवाल्यांचे, काठ सोडून उठणार नाही म्हणून. तिघांना एकमेकांची भाषा कळत नव्हती. एकाचे सरदार दुसऱ्याला तुच्छ लेखत होते. ही माणसे कधी एका झाडाखाली बसली असतील असा एक चिटोरादेखील सापडला नाही.

सापडला तो एक नकाशा, भूमापन खात्याचा. तिन्हींच्या आधीचा, म्हणजे पहिली गोळी सुटण्याच्या चार वर्षे अगोदरचा. एकाच कागदावर डोंगर, खाजण आणि नदीकाठ. तिन्हींवर लाल पेन्सिलीने आकडे. एक, दोन, तीन. खाली एकाच अधिकाऱ्याची सही. आजवर तो 'भूमापन' या शीर्षकाखाली पडून होता, कारण त्यात लढाईचा शब्दही नव्हता.

लढणाऱ्यांच्या बाजूने पाहिले तर तीन लढे होते. घेणाऱ्याच्या बाजूने एकच काम होते, तीन हप्त्यांत केलेले. तिने तिन्ही शीर्षके तशीच ठेवली. पण प्रत्येक कार्डाच्या तळाशी एक ओळ वाढवली, 'हेही पाहा', आणि तिथे एक नवे, चौथे शीर्षक दिले: 'सरकार: जमिनी ताब्यात घेण्याच्या मोहिमा'. नकाशा तिथे ठेवला. हजेरीपत्रक नदीवाल्यांच्या शीर्षकाखाली होते तिथेच राहिले.

तिने हे दादाला पत्राने कळवले. उत्तर ग्रंथपालांच्या तोंडून आले. दादा वरच्या मजल्यावर येऊन त्यांना सांगून गेला होता, की आमची सात गावे गेली आणि बाई आम्हाला 'हेही पाहा' देते. ग्रंथपाल भला माणूस, पण मांजर आडवे गेले तरी रजा टाकणारा. त्यांनी बाईंना विनवून पाहिले, निवृत्तीला चौदा महिने उरलेत याची आठवण करून दिली, शेवटी म्हणाले की निदान ते पत्रक काही दिवस बांधणीला पाठवू या. तिने त्याची बांधणी चांगली असल्याचे सांगितले.

बातमी नदीकाठी पोचायला वेळ लागला नाही. चुलत बहिणींनी फोन उचलणे बंद केले. बाजारात मावशीच्या सुनेने तिला ओळख दिली नाही, आणि पाच पावले पुढे जाऊन सोबतिणीला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "घरचीच भेदी, मग लंका जाळायला परका कशाला हवा." एका सकाळी ती खोलीत आली तर नदीवाल्यांच्या कार्डांचा खण जागेवर नव्हता. मागच्या अंगणातल्या गटारात कार्डे तरंगत होती. शाई पसरून निळे पाणी झाले होते. कोणी केले ते पहारेकऱ्याने पाहिले नव्हते, किंवा पाहिले होते आणि तो नदीवाला होता.

एकशे बारा कार्डे. तिने बाह्या वर केल्या, वाकून एकेक वेचले, वर्तमानपत्रावर पसरले. जी वाचता आली ती पाहून, जी आली नाहीत ती कपाटातल्या कागदांवरून, तिने अकरा दिवसांत सगळी पुन्हा लिहिली. तक्रार केली नाही. त्या अकरा दिवसांत तिच्याशी खोलीत येऊन कोणी बोलले असेल तर तो एकदा आलेला वीज दुरुस्त करणारा माणूस.

आयोगाची सुनावणी लागली ती सरकारी इमारतीच्या लांबट सभागृहात. सूचीबाईला समन्स आले तेव्हा तिला वाटले दादाच्या बाजूचे असेल. ते सरकारी वकिलाचे होते. सरकारने तिला आपली साक्षीदार केले होते.

सभागृहात तिन्ही समाजांचे लोक तीन रांगांत बसले होते, दादाच्या सांगण्यावरून मिसळून बसलेले पुन्हा आपोआप वेगळे झाले होते. दादा पुढे. त्याच्या शेजारी वहिनी, डोक्यावर पांढरा रुमाल बांधून, ताठ. वहिनीने सूचीबाईकडे पाहून मान हलवली. तिला अजून काही माहीत नव्हते.

सरकारी वकील गोड बोलणारा होता. त्याने बाईंच्या अठ्ठावीस वर्षांच्या सेवेचे कौतुक केले. मग विचारले, "आपल्या सूचीत या झगड्यांची शीर्षकं किती?"

"तीन."

"ती तीन ठेवा असं सरकारनं आपल्याला सांगितलं होतं?"

"नाही."

"एक करा असं कुणी सांगितलं होतं?"

वकिलाने दादाकडे नुसते पाहिले. तेवढे पुरले. मागून कोणीतरी थुंकल्याचा आवाज केला.

मग त्याने हजेरीपत्रकाची नक्कल काढली. नदीकाठची गावे कोणी जाळली याचा हा सरकारी पुरावा असून तो याच ग्रंथालयाच्या सूचीत नदीवाल्यांच्याच शीर्षकाखाली असल्याचे त्याने सांगितले, आणि नावे वाचायला सुरुवात केली. संथपणे, एकेक. चौथे नाव वाचले तेव्हा वहिनी उभी राहिली. कोणाला वाटले तिला काही बोलायचे आहे. तिने आधी नवऱ्याकडे पाहिले. त्याने मान खाली घातली. मग तिने सूचीबाईकडे पाहिले, आणि सूचीबाईला मान खाली घालता आली नाही, कारण ती साक्षीच्या जागी होती. वहिनी रांगेतून बाहेर पडली आणि चालत निघून गेली. वकील तोवर नवव्या नावावर पोचला होता.

"तर बाई," तो शेवटी म्हणाला, "हा मूळच्या लोकांचा आपसातला झगडा होता. युद्ध नव्हे. बरोबर?"

"सूचीत अजून एक शीर्षक आहे," सूचीबाई म्हणाली. "चौथं. त्यात एक नकाशा आहे."

"विचारलं तेवढंच सांगा."

"तीन लढे होते म्हणून तुम्ही मला बोलावलंत. ते खरंय. पण ज्यानं जमीन घेतली त्यानं तीनदा ठरवलं नव्हतं. एकदाच ठरवलं होतं, लढा सुरू होण्याआधी चार वर्षं. आकडे घालून. तेही याच सूचीत आहे. माझी सूची घ्यायची तर सगळी घ्या."

वकिलाने हरकत घेतली. आयोगाचे अध्यक्ष, एक थकलेले गृहस्थ, चष्मा पुसत म्हणाले की नकाशा दफ्तरी घ्यावा. बस. त्यापुढे कोणी काही विचारले नाही. ती खाली उतरली तेव्हा तिन्ही रांगांतला एकही माणूस तिच्याकडे पाहत नव्हता, आणि हे एक काम त्या तिन्ही लोकांनी त्या दिवशी एकमताने केले.

निकाल पाच महिन्यांनी लागला. डोंगरवाल्यांचा लढा युद्ध ठरला. त्यांना जंगलाचा पट्टा परत मिळणार होता. मिठागरवाल्यांचे प्रकरण पुढील चौकशीसाठी ठेवले. नदीवाल्यांचा दावा फेटाळला. कारण दिले होते, 'स्थानिक जमातींमधील आपसातील हिंसाचार'. नकाशाचा उल्लेख शेवटून दुसऱ्या पानावर होता, की तो लक्षात घेतला आहे. नदीवाल्यांना अपिलासाठी नव्वद दिवस होते.

दादाची मोट त्याच महिन्यात सुटली. डोंगरवाल्यांना मिळायचे ते मिळाले होते, त्यांना आता संघटनेचे काम उरले नाही. मिठागरवाले म्हणाले, आम्हाला नदीवाल्यांच्या गळ्यात बांधू नका, नाहीतर आमचेही बुडेल. दादाने कचेरीला कुलूप घातले आणि तो घरात बसला असे तिच्या कानावर आले.

सूचीबाईने नकाशाची मोठी नक्कल काढली. सोबत खात्याचे सात हुकूम, तारखांचा तक्ता आणि हजेरीपत्रक, सगळे एका जाड पाकिटात घातले. नकाशाच्या जोरावर अपील उभे राहू शकते, असे तिला एका निवृत्त न्यायाधीशाने सांगितले होते. पोस्टाने पाठवले असते तर दादाने उघडले नसते. रविवारी दुपारी ती स्वतः गेली.

दार वहिनीने उघडले. सहा महिन्यांत ती वाळली होती. आत या म्हणाली नाही.

"हे दादाला द्यायचंय," सूचीबाई म्हणाली. "अपिलाला अजून बावन्न दिवस आहेत."

वहिनीने पाकिटाकडे पाहिलेच नाही. "वन्सं, तुम्हाला किती वर्षांपासून माहीत होतं?"

"वीस."

"वीस वर्षं माझ्या हातचं जेवलात."

"हो."

"आणि ह्यांना?"

"त्यालाही माहीत होतं. पण त्याला माहितेय हे मला यंदाच कळलं."

वहिनी चौकटीला हात लावून उभी राहिली. तिच्या मागे, आतल्या अंधारात, सपाता ओढत कोणीतरी दारापर्यंत आले, थांबले आणि परत गेले. दोघींनी ऐकले.

"सांगितलं असतं तर तुम्ही आम्हाला तोडलं असतं, असं वाटलं," सूचीबाई म्हणाली. तिला स्वतःलाच ते तोकडे वाटले.

"तोडलं असतं की नसतं, ते मी ठरवलं असतं. तुम्ही दोघं बहीणभाऊ एका गोष्टीवर कधी एकत्र आला नाहीत. ह्यांना म्हणायचं सगळं एक, तुम्हाला म्हणायचं सगळं वेगळं. माझ्या बाबतीत मात्र दोघांचं एकमत. हिला काही सांगायचं नाही. त्या वकिलाच्या तोंडून ऐकलं मी माझ्या पणजाचं नाव. हसत होता तो वाचताना."

सूचीबाईने पाकीट उंबऱ्यावर ठेवायला हात खाली नेला.

"थांबा," वहिनी म्हणाली आणि आत गेली.

ती परत आली ते लाकडी खुर्ची उचलून. खुर्ची तिने ओट्यावर, दाराबाहेर ठेवली. स्वतः पायरीवर बसली, सूचीबाईकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून.

"ते पत्रक आहे ना त्यात? वाचा. सगळी नावं वाचा. माझ्या पणजाचं एकट्याचं नको."

सूचीबाई बसली. चष्मा लावला, पत्रक काढले आणि वाचू लागली. वकिलासारखे नव्हे, कार्ड लिहून झाल्यावर ती पुन्हा ताडून पाहायची तसे, सपाट आवाजात, नाव, बापाचे नाव, गाव. चौथे नाव आले. वहिनी हलली नाही. पाचवे, सहावे. रस्त्यावरून एक सायकलवाला गेला, त्याने वळून पाहिले. अकराव्या नावाला वहिनीने हात वर केला.

"असं नाही म्हणत ते," ती म्हणाली, तोंड न वळवता. "लिहिणाऱ्यानं चुकवलंय. आमच्यात शेवट लांबवतात." आणि तिने ते नाव आपल्या बोलीत उच्चारून दाखवले. नदीकाठच्या त्या नऊ वर्षांच्या मुलीने होडीखालून ऐकलेली हीच बोली.

सूचीबाईने पिशवीतून पेन्सिल काढली. समासात नाव नीट लिहिले, पुन्हा एकदा म्हणून विचारून घेतले, आणि बारावे वाचले.